‘घरोघरी दुचाकी आहे, आता बस कशाला?’ या मेसेजला उत्तर

कर्नाटकातल्या खानापूर-बेळगावकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात असा : घरोघरी दुचाकी आहे, अडीनडीला १०८ आहे, गावात उपकेंद्र आहे. खेड्यातल्या रिकाम्या बसफेऱ्या आणि बायकांचं फुकट तिकीट ही उधळपट्टी. तोच पैसा दवाखान्यांना द्या.

वाचताना पटतं. पण लिहिणाऱ्याने दवाखाना म्हणजे एकदाच जायची जागा धरली आहे.

कुत्रं चावल्याचंच बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पहिली सुई घ्यायची. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. म्हणजे चार हेलपाटे. रक्त आलं असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि ते प्रत्येक प्राथमिक केंद्रात मिळेलच असं नाही. एका वेळी लस ०.१ मिली, दोन ठिकाणी. म्हणून एक कुपी अनेकांना पुरते, पण उघडल्यावर सहा ते आठ तासांत संपवावी लागते. त्यामुळे दुपार टळल्यावर एकटाच पोचलेल्याला ‘उद्या सकाळी या’ असं ऐकायला लागू शकतं. उद्याची मजुरी गेली. तोवर जखमही सुकत आलेली असते, मग राहिलेली सुई राहूनच जाते. आणि रेबीज एकदा उमटला की त्यावर औषध नाही.

आता दुचाकी. ती घरात असते, पण किल्ली ज्याच्या खिशात असते तो सकाळीच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामावर गेलेला असतो. आठव्या महिन्यातली बाई खड्ड्यांतून मागे बसून जाणार का? डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं. तेवढ्यात गाडी चालवणं धोक्याचं. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चारेक तास पडून राहायचं. उठल्यावर रक्तदाब खाली गेलेला, पायांत गोळे. अशा माणसाला मागच्या सीटवर कोण बसवेल?

१०८ तातडीसाठी आहे. सातव्या दिवसाच्या सुईला ती येत नाही, आणि येऊही नये. बाळंतिणीला घरी सोडायला ‘नगु-मगु’ गाडी आहे, बाकीच्यांनी परतीचं आपलं आपण बघायचं. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्तोली, कोंगळ्यासारख्या गावांचा प्रश्न मात्र बसने सुटणार नाही, हेही मान्य करू. तिथे आधी रस्ता आणि पूल हवा.

उपकेंद्रात बीपी बघतात, लसी देतात, लोहाच्या गोळ्या देतात. सोनोग्राफी तिथे होत नाही. गर्भातली व्यंगं बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांतच करायची असते, ती पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही.

‘रिकामी फेरी’ हा त्या मजकुरातला सगळ्यात फसवा मुद्दा. साखरेची तपासणी घ्या. रात्रीपासून आठ-दहा तास उपाशी, सकाळी पहिलं रक्त, मग नाष्टा, बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त, त्यानंतर रिपोर्ट आणि डॉक्टर. नऊला पोचलेला माणूस दोनच्या आधी मोकळा होत नाही. परतीची बस एकला सुटत असेल आणि पुढची थेट संध्याकाळची असेल, तर तो सकाळीही बसने येणार नाही, वडापने (माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीने) येईल. मग दोन्ही फेऱ्या रिकाम्या दिसतात आणि आधी त्यांच्यावरच कुऱ्हाड पडते. माणसं असतात, वेळ चुकलेली असते.

फुकट तिकिटाचं म्हणाल तर, ११ जून २०२३ ला शक्ती योजना आल्यावर गर्दी वाढली, म्हाताऱ्यांना जागा मिळेना, हे खरं. त्यावर उपाय जादा गाड्या. ज्या बाईला नवऱ्याकडे तिकिटाचे पैसे मागावे लागायचे, तिची बीपीची दर महिन्याची फेरी याच तिकिटावर चालते. ही सवलत कर्नाटकाच्या हद्दीपुरती. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्यांना तिचा आधार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादातून दोन्हीकडच्या गाड्या सीमेवर अडल्या, तेव्हा तर पैसे मोजूनही बस नव्हती.

फेरी मागायची तर नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका. आठवडाभर थांब्यावर बसून किती माणसं, कुठे, किती वाजता, वडापने किती गेली ते लिहा. तालुका दवाखान्याच्या ओपीडीची वेळ आणि सध्याच्या बसची वेळ शेजारी शेजारी मांडा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून अर्ज डेपो मॅनेजरला द्या, प्रत विभागीय नियंत्रकाला (खानापूरकरांनी बेळगावला, निपाणीकरांनी चिकोडीला), आणि पोच घ्या. बायकांनी शून्य तिकीट (फुकट प्रवासाचं, शून्य रुपयांचं तिकीट) मागून घ्यायचं. कंडक्टरने ते दिलं नाही, तर डेपोच्या हिशेबात ती बाई बसमध्ये चढलेलीच नसते.