टेकम्सेनंतरचे शॉनी

अमेरिकेच्या इतिहासात रस असणाऱ्या अनेकांना शॉनी या मूलनिवासी जमातीतल्या लोकांपैकी एकच नाव ठाऊक असते, ते म्हणजे टेकम्से. ओहायो नदीच्या खोऱ्यातील जमीन कोणा एका जमातीची नसून सर्वांची सामाईक आहे, म्हणून ती परस्पर विकण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे म्हणत त्याने अनेक जमातींना एकत्र आणले आणि 1813 मध्ये अमेरिकी सैन्याविरुद्ध कॅनडातील थेम्सच्या लढाईत तो पडला. कथा बहुधा इथेच संपवली जाते. माझा आक्षेप नेमका या शेवटाला आहे.

टेकम्सेच्याच काळात ब्लॅक हूफ नावाचा शॉनी प्रमुख होता. तरुणपणी लढलेल्या या माणसाने अमेरिकी सरकारशी झालेल्या 1795 च्या ग्रीनव्हिल तहानंतर शस्त्र खाली ठेवले, टेकम्सेच्या आघाडीत सामील व्हायला नकार दिला आणि ओहायोतील वापाकोनेटा या गावी आपल्या लोकांना नांगरटीची शेती शिकवण्याचा आग्रह धरला. तरीही मूलनिवासींना पश्चिमेकडे हलवण्यासाठी केलेल्या 1830 च्या स्थलांतर कायद्यानंतर त्याच गावच्या लोकांना मिसिसिपीपलीकडे, कॅन्ससला जावे लागले. प्रतिकार केला म्हणून जमीन गेली, हे स्पष्टीकरण इथे लंगडे पडते, कारण ज्यांनी जुळवून घेतले त्यांचीही गेलीच.

कॅन्ससमध्ये 1835 साली शॉनी भाषेत ‘सिविनोवे केसिब्वी’, म्हणजे ‘शॉनी सूर्य’, हे वृत्तपत्र निघाले. छापखाना मिशनऱ्यांचा होता आणि हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरून चालणार नाही. पण अमेरिकेत संपूर्णपणे मूलनिवासी भाषेत छापले गेलेले ते पहिले वृत्तपत्र मानले जाते. टेकम्सेच्या मृत्यूला तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

आज शॉनी लोकांच्या अमेरिकी केंद्र सरकारची मान्यता असलेल्या तीन जमाती आहेत आणि तिन्हींची मुख्यालये ओक्लाहोमात आहेत. त्यांपैकी एकीला 1869 च्या कराराने चेरोकी या दुसऱ्या मूलनिवासी समाजाच्या राष्ट्रात सामावून घेतले गेले होते. तिला पुन्हा स्वतंत्र मान्यता मिळायला 2000 साल उजाडले. याच जमातीने आता भाषा वाचवण्यासाठी एक संपूर्ण दशक वाहिले आहे. एका लढाईवर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या एकशे एकतीस वर्षांच्या चिकाटीला निदान एक प्रकरण तरी द्यायला हवे होते, असे मला वाटते.

आणि शॉनींचा वसंतातला खेळ! पेरणीच्या दिवसांत होणाऱ्या ब्रेड डान्ससाठी पुरुष शिकार आणतात, स्त्रिया भाकरी भाजतात आणि मग दोघे एकमेकांना आपापला वाटा देतात. त्याच मोसमात स्त्रिया विरुद्ध पुरुष असा चेंडूचा सामनाही रंगतो. पुरुषांना चेंडू फक्त पायाने मारता येतो, स्त्रियांना मात्र तो हातात घेऊन पळण्याचीही मुभा असते.