दिसला का? दिसला ना?

जूनच्या शेवटच्या रविवारी पहाटे ४ ला उठून, अंधारात रेनकोट शोधताना बायकोची झोप मोडून, वर तिची बोलणी खाऊन मी मित्राबरोबर कर्नाळ्याला गेलो, कारण काय तर म्हणे तिबोटी खंड्या आलाय. हा पठ्ठ्या पावसाबरोबर कोकणात येतो, मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो आणि पावसाळा संपला की गायब. रायगड जिल्ह्याचा पक्षी आहे तो. मी पनवेलला १५ वर्षं राहतोय, मतदान पण करतो, पण आमची ओळख कुणी करून दिली नव्हती.

पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. मित्राची गँग मात्र ओरिएंटल ड्वार्फ किंगफिशर या इंग्रजी नावाचं लघुरूप करून 'ओडीकेएफ' म्हणते, मला वाटलं बँकेचा केवायसी राहिलाय कुणाचा तरी.

तर चिखलात उभे. चष्म्यावर वाफ, दुर्बिणीवर वाफ, रेनकोटच्या आत बाहेरपेक्षा जास्त पाऊस, आणि डास तर नावनोंदणी केल्यासारखे एकेक करून येतायत. तेवढ्यात बारीक शिट्टी आली आणि मित्राने माझा दंडच धरला.

"तो बघ! ती वेल दिसते? तिच्यामागे खोड, खोडाच्या उजवीकडे सुकी फांदी, तिच्यावर."

अरे बाबा, जंगलात वेल, खोड नि फांदी सोडून आहे काय दुसरं? मी एक पिवळं पान पाच मिनिटं भक्तिभावाने बघितलं. "दिसला?" "थांब." "दिसला ना?" कांदेपोहे पुढे करून 'आवडले ना' विचारतात तशा आवाजात त्याने तिसऱ्यांदा विचारलं, मग माझी नाही म्हणायची टाप होईना.

"हो हो, दिसला! काय रंग आहे यार!"

"आणि चोचीत काय होतं सांग!"

आता खंड्या म्हटल्यावर माणूस काय सांगणार? "मासा."

"सापसुरळी होती," मित्र म्हणाला. मागे उभ्या असलेल्या काकांनी उगाच छत्री या हातातून त्या हातात घेतली.

पुढचा अर्धा तास कुणी मला काही दाखवलं नाही. मी पण गपचूप चष्मा पुसत बसलो, आणि पुसून डोळ्यावर चढवला तर समोरच्या ओहोळावर, हातभर उंचीवर, हा! चिमणीपेक्षा लहान, पोट हळदीसारखं, डोकं जांभळट, पंख निळे-काळे, चोच अशी लालकेशरी की वाटावं रंग ओलाच आहे अजून. मान एकदा खालीवर केली आणि सुर्रकन गेला. दोन सेकंद फक्त.

"दिसला! अरे शप्पथ दिसला!"

मित्राने मागे वळूनही बघितलं नाही. "हो का? मासा होता?"