घागर कुठंय?

आज सकाळी इथल्या मराठी ग्रुपवर एका ओळखीच्या काकांनी एजफिल्डचे फोटो टाकले. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातलं छोटं गाव, आमच्या जॉर्जियातल्या ऑगस्टापासून तासाभराच्या आत. मधोमध चौक, जुनं कोर्ट, पांढऱ्या खांबांची घरं. खाली काकांनी लिहिलंय, "दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची साधी, शांत माणसं. शब्दाला जागणारी, अब्रूसाठी जीव देणारी. आता असं काही राहिलं नाही." त्यावर बावीस अंगठे आणि नऊ नमस्कार.

माझा चहा गार झाला.

अब्रूसाठी जीव देणारी नाही हो काका, घेणारी. या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, लोक 'ब्लडी एजफिल्ड' म्हणतात. इथून म्हणे दहा गव्हर्नर निघाले. निघाले असतील. प्रेस्टन ब्रूक्सही इथलाच. १८४० साली त्यानं लुई विगफॉलशी पिस्तुलांचं द्वंद्व केलं, दोघंही जखमी झाले, आणि ब्रूक्स काठी टेकत चालू लागला. (या विगफॉलनं त्याच भांडणात त्याच वर्षी एकाला गोळी घालून ठार केलं होतं. पुढे तो सिनेटर झाला. असो.) १८५६ मध्ये हा ब्रूक्स काँग्रेसचा सदस्य होता. गुलामगिरीविरुद्ध भाषण करताना आपल्या नातेवाइकाचा अपमान केला म्हणून सिनेटर चार्ल्स सम्नरला त्यानं सिनेटच्या सभागृहात, बसल्या जागी, काठीनं झोडपून रक्तबंबाळ केलं. शिक्षा? ३०० डॉलर दंड. आणि गावोगावच्या चाहत्यांनी काय करावं, तर त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या!

ही तुमची अब्रू.

मला खरं तर काठीबद्दल लिहायचं नाहीये. 'शांत' या शब्दानं डोकं फिरलंय. कारण तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमचं गावही शांतच होतं.

माझे आजोबा पोलीस पाटील. मी आठ-नऊ वर्षांची असताना वरच्या आळीतली एक सून विहिरीत सापडली. हवालदार आला, आमच्या दारातल्या लिंबाखाली घोंगडी टाकून पंच बसले, मी कपबशा नेऊन देत होते. पंचनाम्यात लिहिलं गेलं, "पाणी आणण्यास गेली असता पाय घसरून." आजी दाराआडून म्हणाली, "पाण्याला गेली म्हंता, मग घागर कुठंय?" आजोबा नुसते म्हणाले, "तू आत जा." ती आत गेली. पंचांनी सह्या केल्या, एकानं अंगठा उठवला. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली. प्रकरण बंद.

इकडे आल्यावर साउथ कॅरोलिनातल्या जुन्या कॉरोनर चौकशांबद्दल वाचायला लागले ती या घागरीपायी. कॉरोनर म्हणजे अचानक झालेल्या मरणाची चौकशी करणारा अधिकारी. आपल्याला तो परका नाही, इंग्रजांनीच मुंबईत आणलेला, तिथं तो थेट १९९९ पर्यंत होता. बाकी आपल्या गावांना पोलीस पाटील आणि पंच. पद्धत तीच. कुणी अचानक मेलं की आसपासची डझनभर माणसं गोळा करायची, प्रेताभोवती उभं करायचं, साक्षी घ्यायच्या आणि मरण कशानं आलं ते लिहून सगळ्यांनी खाली सही करायची. खून, आत्महत्या, अपघात, नाहीतर 'परमेश्वराची भेट'. हो, कागदावर शब्दच तो. कारण सापडलं नाही की देव येऊन भेटून गेला. आपल्याकडे देवाज्ञा झाली म्हणतात तसं.

आता मला सांगा, साउथ कॅरोलिनात एखादा गुलाम मेला तर ती डझनभर माणसं कोण असायची? गोरे पुरुष. मेलेल्याचा मालक, मालकाचा शेजारी, मालकाकडून उधार घेतलेला, मालकाच्या मेव्हण्याचा मित्र. आणि बघणारे कोण होते? शेतात शेजारी राबणारे, त्याच खोपटात झोपणारे. त्यांना गोऱ्या माणसाविरुद्ध साक्षच देता येत नव्हती. कायद्यानंच. म्हणजे ज्यांना माहीत होतं त्यांना तोंड नाही, आणि ज्यांना तोंड होतं त्यांना मालकाच्या घरी जेवायला जायचं होतं.

आजी दाराआड. बस, एवढंच म्हणायचंय मला.

नाही, एवढंच नाही. कायदा ऐका. १७४० चा साउथ कॅरोलिनाचा कायदा: गुलामाचा जाणूनबुजून खून केला तर ७०० पौंड दंड. रागाच्या भरात मारलं तर निम्मा, ३५०. रागाला सवलत! १८२१ मध्ये खुनाला फाशी आली, पण 'रागाच्या भरात' ही फट तशीच ठेवली, तिथं जास्तीत जास्त ५०० डॉलर आणि सहा महिने. मग राग कुणाला येणार नाही? मी आजही मराठी पेपरात 'रागाच्या भरात पत्नीचा' अशी बातमी वाचते तेव्हा मला तो आकडा आठवतो.

मान्य, तेव्हाचे सगळेच गोरे तसे नव्हते. मान्य, निदान कागद तरी ठेवले, म्हणून आज कळतंय. झालं?

आणि एकदा त्या कागदानं खरं सांगितलंही. हॅम्बर्ग. एजफिल्डच्या सीमेला लागून, सव्हाना नदीच्या काठी, ऑगस्टाच्या समोर. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचं गाव. ४ जुलै १८७६, देशाच्या शंभराव्या वाढदिवसाला त्यांची सरकारमान्य तुकडी रस्त्यावर कवायत करत होती. दोन गोरे शेतकरी घोडागाडीतून आले, आम्हाला मधून वाट द्या म्हणाले. बाचाबाची झाली, शेवटी वाट दिलीसुद्धा. एवढ्यावरून खटला. ८ तारखेला त्या शेतकऱ्यांचा वकील म्हणून एजफिल्डचा मॅथ्यू बटलर आला आणि त्याच्यामागे शेकडो बंदूकधारी. तुकडीनं शस्त्रं खाली ठेवायला नकार दिला तर पलीकडून तोफ आणली. गोळीबारात एक गोरा मेला. मग रात्री, पकडून बसवलेल्या कैद्यांतून एकेकाला नाव घेऊन उठवलं आणि गोळ्या घातल्या.

इथं चौकशीला बसला तो प्रिन्स रिव्हर्स. पूर्वी गुलाम, गाडीवान. मग यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत सार्जंट, मग गावचा न्यायाधीश. या वेळी आजी दाराआड नव्हती, लिंबाखाली बसली होती! त्याच्या ज्यूरीनं, म्हणजे पंचांनी, नावं घेऊन ९४ गोऱ्यांवर ठपका ठेवला.

खटला किती जणांवर चालला? एकावरही नाही. बटलर पुढच्याच वर्षी सिनेटर. त्या रात्री तिथं हजर असलेला एजफिल्डचा बेन टिलमन १८९० मध्ये गव्हर्नर, मग मरेपर्यंत सिनेटर. हॅम्बर्गची तो भाषणांतून फुशारकी मारायचा. राजधानी कोलंबियात त्याचा पुतळा आहे. मेलेल्या त्या एका गोऱ्याचा स्तंभ १९१६ साली नॉर्थ ऑगस्टात उभा राहिला, बाकीच्यांच्या नावाची पाटी लागायला आणखी शंभर वर्षं गेली. आणि प्रिन्स रिव्हर्स पुन्हा गाडीवान झाला.

या ओळीपाशी मी मघाशी अर्धा तास बसून होते. लिहवेना.

याच्या तीनच वर्षं आधी, १८७३ साली, ज्योतिरावांनी पुण्यात बसून 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती. केवढ्या भरवशानं! त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुइझियानात कोलफॅक्सच्या कोर्टापाशी कृष्णवर्णीयांना डझनावारी कापलं होतं. मी ज्योतिरावांना नावं ठेवत नाहीये, ठेवणार नाही. फक्त वाईट वाटतं.

काका, तुम्ही एजफिल्डला मातीची भांडी बघितलीत ना? फोटोत रांजण दिसतायत. त्या भागात डेव्ह नावाचा कुंभार होता, गुलाम. गुलामांना लिहायला शिकवणं १७४० पासूनच कायद्यानं गुन्हा, १८३४ पासून वाचायला शिकवणंही, आणि हा माणूस ओल्या मातीवर कविता कोरून खाली सही करायचा. १६ ऑगस्ट १८५७ च्या एका रांजणावर त्यानं लिहिलंय, माझे सगेसोयरे कुठं असतील कोण जाणे. पुढच्या ओळीत सगळ्या जगाशी मैत्री मागितलीय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काउंटीबद्दलचा राग दहा मिनिटं गेला होता. मग परत आला.

कुणीतरी येऊन म्हणेलच की ताई, आपल्याकडे काय कमी झालं? अहो, तेच तर सांगतेय मघापासून! घागर माझ्या गावातली आहे, एजफिल्डची नाही. आणि माझे आजोबा वाईट नव्हते. मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे. त्या पंचांतले निम्मे मला खाऊ द्यायचे. मला त्यांचीही शांतताच आठवते, कपबशीचा आवाज आणि लिंबाची सावली. म्हणूनच तो शब्द सहन होत नाही.

दुपारी आईला फोन केला. ती तेव्हा त्या घरात नवी होती. म्हटलं, आई, त्या विहिरीवाल्या सुनेचं आठवतं का, घागरीचं? ती जराशी थांबली. मग म्हणाली, "अगं, घागर त्यांच्या घरातच होती की. तांब्याची. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरी सून आणली, ती पाणी भरायची तिच्यानंच."