भावोजी, तिला ही सुट्टी घेऊ द्या

माझी भाची अमेरिकेत, ओहायोत, मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला होती. मे महिन्यात वर्ष संपलं, आता ऑगस्टपर्यंत मोकळी. परवा तिचा फोन. "मावशी, तू सांग ना बाबांना!"

भावोजींनी तिच्यासाठी यूवर्ल्डचं, म्हणजे ऑनलाइन सराव प्रश्नसंचाचं, वर्षभराचं सबस्क्रिप्शन घ्यायचं ठरवलंय. सुट्टीतच स्टेप वनची, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या लायसन्ससाठीच्या पहिल्या परीक्षेची, निम्मी तयारी उरकायची. भावोजी आमचे इंजिनिअर, पण डोक्यात अजून दहावीची सुट्टीच आहे. निकाल लागायच्या आत अकरावीचा क्लास सुरू!

त्यांना कोणाच्या तरी मुलाचे 260 मार्क आठवतात. अहो, 26 जानेवारी 2022 पासून स्टेप वनला मार्कच नाहीत. पास किंवा नापास. पूर्वी त्या तीन आकडी स्कोअरवर रेसिडेन्सीचं (पदवीनंतर एखाद्या ब्रँचचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) बरंच काही ठरायचं, म्हणून मुलं सुट्ट्या जाळायची. आता आकडा उरलाय तो पुढच्या परीक्षेला, स्टेप टू सीकेला, आणि ती परीक्षा वॉर्डातलं वर्ष झाल्यावर.

दुसरं म्हणजे यूवर्ल्डचे प्रश्न. साडेतीन हजारांहून जास्त. पेशंटची अख्खी हिस्टरी देतात आणि विचारतात, कोणत्या औषधानं हे झालं? तिचं पॅथॉलॉजी आणि फार्मॅक (औषधशास्त्र) मुख्यतः दुसऱ्या वर्षाला आहे. आत्ता सोडवायला बसली तर निम्मे चुकणार, मग स्पष्टीकरणं वाचून लक्षात राहणार. पुढच्या वर्षी तेच प्रश्न समोर आले की उत्तर कळण्याआधीच आठवणार.

हे मी स्वतः केलंय. महाराष्ट्रात इंटर्नशिप करताना नाइट ड्युटीला, झोपेत पेंगत. दुसऱ्या फेरीत टक्के भरभर वाढले, मी खूश. मग एनबीएमईची, म्हणजे स्टेप परीक्षा तयार करणाऱ्या संस्थेची, सराव परीक्षा दिली आणि तोंडचं पाणी पळालं. (आम्हा अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांना उन्हाळ्याची सुट्टी वगैरे प्रकारच नव्हता, ते वेगळं.)

परीक्षा सोपी आहे असं मी म्हणत नाही. मार्क गेल्यानंतर पास होण्याचं प्रमाण उलट घसरलं आणि नापासाची नोंद कायमची राहते. पहिल्या वर्षात फिजिऑलॉजी कच्चं राहिलं असेल तर ते जरूर पक्कं करावं. झालेल्या विषयांची अँकी कार्डं (उजळणीच्या अ‍ॅपमधली प्रश्नोत्तरांची कार्डं) रोज वीस मिनिटं फिरवावीत. एवढंच. खरी तयारी दुसऱ्या वर्षाच्या मध्यापासून, आणि शेवटी बहुतेक कॉलेजं फक्त अभ्यासासाठी काही आठवडे देतातच.

तिला सहा आठवडे एका लॅबमध्ये काम मिळालंय. स्कोअर गेल्यापासून चांगल्या ब्रँचसाठी रिसर्चला जास्त भाव आलाय, तेव्हा तेही काही रिकामं बसणं नाही. उरलेले तीन आठवडे तिला साताऱ्याला आजीकडे जायचंय. यापुढे इतकी सलग सुट्टी कधी मिळेल? मला विचाराल तर रेसिडेन्सी संपेपर्यंत नाही.

हे सगळं भावोजींना फोनवर ऐकवलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, सबस्क्रिप्शन जानेवारीत घेऊ. तेव्हा डिस्काउंट असतं का गं?"