साधेपणाची जय्यत तयारी

फोटोत चांगलं दिसायचं असेल तर आधी एका गोष्टीवर अढळ श्रद्धा हवी: आपण फोटोत वाईट दिसतो. ती नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, सरळ जाऊन फोटो काढून या. श्रद्धा डळमळत असेल तर रोज आरशात बघत जा. आरशातला आपला चेहरा उलटा असतो आणि आपण जन्मभर तोच पाहिलेला असतो. कॅमेरा तो सुलटा दाखवतो. मग नाकाचा जरासा कल, एका भुवईची चढलेली टोकं, बाजूचा भांग, सगळं भलत्याच बाजूला गेलेलं दिसतं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सुलटा आणि एक आरशातल्यासारखा. त्यांचा कल आरशातल्याकडे होता, त्यांच्या मैत्रिणींचा सुलट्याकडे. म्हणजे ज्या फोटोला तुम्ही ‘शी, हे काय आलंय!’ म्हणता, त्यातलाच चेहरा तुमच्या माणसांच्या ओळखीचा आणि आवडीचा असतो. पण त्यांना काय कळतंय? डिलीट करा.

आता फोन हातात घ्या आणि जितका जवळ धरता येईल तितका जवळ धरा. कॅमेऱ्याला जे जवळ ते त्याला मोठं दिसतं, आणि चेहऱ्यात सगळ्यांत पुढे कोण असतं ते सांगायला नको. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं, की पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के मोठं भासतं. नाकापेक्षा मोती जड ही पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण फोनने अशी चुटकीसरशी सोडवली. यावर उपाय आहे, पण तो करू नका. फोन कुठेतरी टेकवून ठेवायचा, टायमर लावायचा, पाच-सहा फूट मागे जायचं आणि थोडं झूम करायचं. दुरून डोंगर साजरे म्हणणाऱ्यांना हे केव्हाच कळलं होतं. अडचण एवढीच, की असं करताना लोक बघतात. हात लांब करून, ओठांचा चंबू करून रस्त्यात उभं राहिलं तर मात्र कोणी बघत नाही, असं आपण धरून चालतो.

उजेडाची फिकीर नको. भर दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असताना उघड्यावर उभं राहावं. भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, नाकाची सावली ओठांवर येऊन ज्यांना मिशी नाही त्यांनाही देते, आणि गालावरचा प्रत्येक खळगा स्वतंत्रपणे नोंदला जातो. घरात असाल तर छताच्या दिव्याखाली हाच परिणाम फुकट मिळतो. खिडकीकडे तोंड करून उभं राहणं टाळा, तिथला मऊ उजेड चेहऱ्यावरच्या बऱ्याच गोष्टी पोटात घालतो. ढगाळ दिवसही वाईट. ढग ऊन गाळून असं पसरवतात की सावल्यांना ठरायला जागाच उरत नाही. आणि सूर्यास्ताआधीच्या तासाभरात तर बाहेर पडूच नका. सूर्य क्षितिजाजवळ आला की त्याच्या उजेडाला हवेच्या बऱ्याच जाड थरातून यावं लागतं, निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरलेल्या तांबूस, तिरप्या उजेडात कोणीही बरं दिसतं. कोणीही बरं दिसत असेल तर त्यात तुमचं कौतुक ते काय?

कपड्यांकडे मात्र सावकाश जाऊ, कारण साधं दिसणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. सुरुवात एका कोऱ्या पांढऱ्या शर्टाने आणि निळ्या जीन्सने करा. घालून आरशासमोर उभे राहा. खरं तर इथे थांबता येईल. शर्ट मापाचा असेल, खांद्याची शिवण खांद्यावरच असेल आणि इस्त्री झालेली असेल, तर फोटोपुरतं निम्मं काम झालेलंच आहे. पण मग दागिन्यांचा तो खण कशासाठी भरून ठेवलाय?

गळा जरा ओका वाटतोय ना? मग साखळी. साखळी कॉलरच्या आत गेली, दिसेना, म्हणून वरची दोन बटणं काढा. आता गळा फारच उघडा वाटतो, म्हणून स्कार्फ. स्कार्फखाली साखळी झाकली गेली, म्हणून स्कार्फ सैल करून साखळी वर काढा. या खटाटोपात कानातल्या लोंबत्या डुलाचा हूक स्कार्फच्या धाग्यात अडकेल. तो ओढायचा नाही, ओढला की कापडावर चुणीची एक लांब रेघ पडते आणि ती कितीही चोळली तरी जात नाही. मान वाकडी करायची, खांदा कानाकडे न्यायचा, एक डोळा आरशात ठेवायचा आणि दोन नखांनी तो एकच धागा हुकावरून मागे सरकवायचा. सुटला की दुसऱ्या कानाला हात लावून बघा. तिथलं डूल पलंगाखाली गेलेलं असतं.

पुरुषांनी हसू नये, तुमच्याकडे येतोच आहोत. घड्याळ घातलंय तर ते दिसलं पाहिजे, म्हणून बाह्या कोपरापर्यंत दुमडा. बाह्या दुमडल्या की दुसरा हात भुंडा दिसतो, त्यात कडं. शर्ट खोचला की कमरेचा पट्टा दिसतो. पट्टा तपकिरी, बूट काळे. हे चालत नाही. बूट तपकिरी घातले तर बॅग काळी. बॅग बदलली तर घड्याळाचा पट्टा काळा. तोही बदलला तर पट्ट्याचं बकल चंदेरी आणि घड्याळाची चौकट सोनेरी, आणि कडं तर पितळीच. इथे पहाटेपर्यंत थांबता येतं.

गॉगल डोळ्यांवर लावू नका, कपाळावर चढवा. डोळ्यांवर लावला तर त्याच्या काचांत फोटो काढणारा, त्याचा फोन आणि त्याच्या मागे उभी असलेली कचऱ्याची पेटी असं सगळं स्वच्छ उमटतं. टोपी अवश्य घ्या, तीही रुंद काठाची. तिच्या सावलीत निम्मा चेहरा गेला की हसायचं की नाही हा प्रश्नही निम्माच उरतो. शर्ट कोरा नको असेल तर बारीक, जवळजवळच्या रेघांचा घ्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची जाळी असते. कापडाच्या रेघा त्या जाळीशी जुळता जुळता चुकल्या की फोटोत शर्टावर आपोआप लाटा उठतात, कधीकधी इंद्रधनुषी. त्याला मुआरे म्हणतात. एवढी नक्षी कुठल्याही शिंप्याला जमत नाही, आणि कॅमेऱ्याबाहेर ती कोणाला दिसतही नाही.

एखादा शहाणा मध्येच येऊन सांगेल: कानातले मोठे असतील तर गळा मोकळा ठेव, गळ्यात ठसठशीत काही असेल तर कानात बारीक खडे पुरेत, साध्या कपड्यांवर नजर जाईल अशी एकच वस्तू असू दे, ती चेहऱ्याजवळ असली तर आणखी बरं. या माणसाला घरात घेऊ नका. एक ना धड भाराभर चिंध्या अशी जी अवस्था होते तिलाच आपण ‘लेअरिंग’ म्हणतो. आणि सगळं चढवून झाल्यावर कोणी विचारलं, तर उत्तर एकच: ‘अगं, काही नाही, असंच जे हाताला लागलं ते घातलं.’ हे म्हणताना डोळ्याला डोळा द्यायचा.

पोझचं आता फार अवघड राहिलेलं नाही. शरीर कॅमेऱ्याला थोडं तिरकं. वजन मागच्या पायावर. पुढचा गुडघा किंचित सैल. खांदे खाली, पण पाठ ताठ. हनुवटी आधी पुढे काढायची, मग जराशी खाली, म्हणजे जबड्याची रेघ दिसते. बाजूने पाहणाऱ्याला तुम्ही कासवासारखे दिसाल, पण फोटो बाजूने काढलेला नाही. कोपर अंगापासून थोडं दूर. जीभ टाळूला. पोट आत. श्वास अर्धा सोडलेला. आणि आता अगदी सहज उभे राहा.

उरले हात. फोटो काढायची वेळ आली की माणसाला दोन हात जास्त फुटतात. एक कमरेवर ठेवला तर भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं, दोन्ही ठेवले तर भांडण जिंकल्यासारखं. खिशात घातले की बाह्या दुमडून मिरवलेलं घड्याळ खिशात गेलं. शेवटी एक हात केसांत घालायचा, वाऱ्याने केस तोंडावर आल्यासारखा. वारा असलाच पाहिजे असं नाही.

हसण्याबद्दल वाईट बातमी आहे. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन बघितलं आणि १८६२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. ओठांची टोकं वर नेणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्यांभोवतीचा, जो खऱ्या आनंदात आवळतो, तो सहजासहजी हुकूम ऐकत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून फोटोवाला ‘स्माइल’ म्हणतो तेव्हा तोंड हसतं आणि डोळे फोटो कधी संपतोय याची वाट बघतात. कोणीतरी खरंच विनोद केला तर डोळेही हसतील, पण मग बारीक होतील, कडेला सुरकुत्या पडतील, हनुवटी मागे जाईल. एवढ्या मेहनतीवर पाणी. शूटिंगच्या वेळी विनोदी माणसाला लांब ठेवा.

पूर्वीच्या लोकांना ही अक्कल नव्हती. १८३९ मध्ये फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कॉर्नेलियस या माणसाने स्वतःचा स्वतः फोटो काढला. माणसाने स्वतःच्या काढलेल्या अगदी पहिल्या फोटोंपैकी तो मानला जातो. लेन्सवरचं झाकण काढायचं, समोर जाऊन थांबायचं, आणि पुरेसा उजेड आत गेला की परत येऊन झाकण लावायचं, असा तो कारभार. फोटोत त्याचे केस विस्कटलेले आहेत, हात छातीशी बांधलेले, चौकटीच्या मधोमधही तो उभा नाही. आजच्या घडीला त्याने तो ठेवलाही नसता. त्या काळातल्या स्टुडिओंमध्ये गिऱ्हाइकाने हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. हल्ली तो लागत नाही, आपण आपलेच ताठ होतो.

फोटो काढायला घरचंच माणूस धरा. परक्याला थँक्यू म्हणावं लागतं, घरच्याला म्हणावं लागत नाही. संवाद साधारण असा चालतो.

‘जरा खाली बस ना.’

‘बसलोय.’

‘अजून. पाय येताहेत का?’

‘कुणाचे?’

‘माझे! बूट दिसले पाहिजेत. आणि सारखं सांगू नकोस रे, मला कॅन्डिड हवाय.’

‘मग इकडे बघू नकोस.’

‘मी बघत नसताना काढ, पण काढतोयस ते मला कळू दे.’

गुडघ्यावर बसलेला माणूस पन्नासेक फोटो काढतो. ते सगळे जागच्या जागी, त्याच्याच खांद्यावरून बघून, त्याच्यासमोरच नाकारायचे. एकोणपन्नास नाकारून झाले की पहिला ठेवायचा.

ग्रुप फोटोत तर शास्त्र आपल्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेनसन आणि पिअर्स बार्न्स यांनी माणसं किती वेळा पापण्या मिटतात याचा हिशेब लावून सूत्र काढलं: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तेवढे फोटो काढले की त्यांतल्या एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळपास खात्री. त्यांना २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. बारा माणसं, चांगला उजेड, चार फोटो, विषय संपला. पण हा हिशेब भाबडा आहे. सगळ्यांचे डोळे उघडे असलेला फोटो हवाय कोणाला? आपल्याला फक्त स्वतःचा चेहरा बघायचा असतो, त्यामुळे सूत्र फारच सुटसुटीत होतं. ज्यात तुम्ही बरे आलात तोच ग्रुपवर टाका, बाकी अकरा जण जांभई देत असले तरी. ‘अय्यो, सगळेच किती गोड आलेत!’ असं खाली स्वतःच लिहा, म्हणजे कोणाला तक्रार करता येत नाही.

फिल्टरबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. त्वचा इतकी गुळगुळीत करा की नाकपुड्या तेवढ्या ओळखीच्या राहतील. मागची भिंत कमरेपाशी वाकली तर भिंत नवीन आहे म्हणा.

एका ठिकाणी मात्र ही सगळी विद्या कामाला येत नाही, तेव्हा तयारीनिशी जा. पासपोर्टच्या फोटोचे नियम जगभर बरेचसे सारखे आहेत, कारण त्यांच्या मुळाशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची मानकं आहेत: तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर कुठलाही भाव नाही, डोळे उघडे, चेहऱ्यावर सावली नाही, मागे एकरंगी फिकट पडदा. तिथे स्कार्फ, साखळी, डुलं, टोपी, गॉगल असा सगळा सरंजाम लेवून जायचं आणि कॅमेऱ्यामागचा माणूस सांगेल तसतसं एकेक काढून मांडीवर ठेवायचं. गॉगल काढा. टोपी काढा. स्कार्फ खाली घ्या. केस कानामागे. हनुवटी सरळ करा, पुढे काढू नका. हसू नका. दोन मिनिटांत कोरा पांढरा शर्ट आणि तुम्ही, एवढंच उरतं, आणि तो ‘झालं’ म्हणतो. पुन्हा काढा म्हणून हुज्जत घाला. तो काढणार नाही. बाहेर रांग असते. बऱ्याच देशांत हा फोटो दहा वर्षं चालतो, आणि प्रत्येक सीमेवरचा अधिकारी आधी त्याच्याकडे, मग तुमच्याकडे बघून मान डोलावतो, की हो, हेच ते. त्याचं मनावर घेऊ नका. त्याने तुमचा प्रोफाइल फोटो पाहिलेला नसतो.