एक ओटा, चार घड्याळं

वजन कमी करायचं ठरलं की घरातला स्वयंपाक कमी होतो, ही समजूत फक्त न रांधणाऱ्यांची असते. स्वयंपाक तेवढाच राहतो, तो दिवसभर पसरतो एवढंच. आमच्या इंदूरच्या घरात सध्या चार माणसं चार घड्याळांवर जेवतात आणि पाचवी मी त्या चारही घड्याळांना चावी देते.

ह्यांच्यापासून सुरुवात करते, कारण घरात तसाच रिवाज आहे. ह्यांनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं ऐकली. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. मधे पाणी, पातळ ताक. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा: खाल्लं की इन्सुलिन सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा. मांडणी सरळ आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. पण डॉक्टरांनी जी मर्यादा म्हणून सांगितली ती ह्यांनी हक्क म्हणून घेतली. सकाळी अकराला पानावर बसतात, समोर मोबाइलवर टायमर. अर्ध्या तासात पोळी-भाजी, वरण-भात सगळं उरकतं. मग माणसाने उठावं की नाही? नाही. बावन्नाव्या मिनिटाला आवाज येतो, "अगं, तीन मिनिटं आहेत अजून. तिळाचे लाडू कुठे ठेवलेस?"

त्यात लग्नसराईसाठी पुण्याहून वन्सं आल्या. त्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या पंथातल्या. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, घरचं खायचं, तुपाला भ्यायचं नाही. महाराष्ट्रात मध्यंतरी या दोन पक्षांवरून घराघरांत वाद झाले म्हणतात. आमच्याकडे दोन्ही पक्ष एकाच टेबलाशी बसले आणि ते सख्खे भाऊ-बहीण निघाले, त्यामुळे वादात लहानपणी कुणी कुणाचं श्रीखंड खाल्लं हेही आलं. वन्सं खरोखरच थोडंसं खातात, मूठभर दाणे, एक केळं, अर्धी वाटी उपमा. पण अर्ध्या वाटी उपम्याला कढई पूर्णच लागते. शिवाय दर खेपेला वाटी नवी. आमची भांडीवाली बाई परवा म्हणाली, "आंटी, मेहमान एकही आये हैं ना?"

लेकीचं सोळा-आठ चालू आहे. सोळा तास उपास, दुपारी बारा ते रात्री आठ खाणं. हे न्यूयॉर्कात सोपं असेल. इंदुरात सकाळी आठला नाक्यावर पोह्याचं पातेलं वाफेवर चढलेलं असतं. आपल्या कांदेपोह्यांसारखे परतलेले नव्हेत, वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वरून शेव, जिरावण मसाला, कच्चा कांदा, लिंबू आणि शेजारी गरम जिलबी. ह्या शहरात पोहे न खाता सकाळ काढणारा माणूस आजारी तरी असतो नाही तर नवीन आलेला. लेक काळी कॉफी घेऊन गॅलरीत बसते आणि खालच्या गिऱ्हाइकांकडे अशी बघते की त्यांनाही घास उतरू नये. बारा वाजले की ती तेच पोहे खाते. मी आठला आणून झाकून ठेवलेले, परत वाफवलेले. त्यानंतर जेवण आहेच, कारण खाण्याची वेळ, तिच्या भाषेत विंडो, उघडलेली असते.

सासूबाईंचं वजन बेताचंच, त्यांना ते कमी करायचं नाही. पण संकष्टी त्यांची. दिवसभर काही नाही आणि रात्री चंद्रोदयाला जेवण. मुंबईची वेळ चालत नाही, इंदूरचीच हवी. चार मिनिटं आधी पान वाढलं तर त्या चंद्राची बाजू घेतात. दुपारी साबुदाण्याची खिचडी लागते, ती उपासात मोजत नाहीत. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मी त्यांच्यासमोर कधी उच्चारलेली नाही. अशा संयमानेच तर आमचं घर चाललंय.

मला खरा हेवा वाटतो शेजारच्या जैन भाभींचा. सूर्यास्तानंतर घरात कुणीच खात नाही. आता हिवाळ्यात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सहाला त्यांचा ओटा पुसून लख्ख आणि भाभी शाल घेऊन झोपाळ्यावर. सगळ्या घराला एकच घड्याळ, तेही आकाशात, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. मी एकदा विचारलं, याने वजन उतरतं का हो? भाभींनी स्वतःकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आप ही बताइए."

मी घरी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते. त्यामुळे एका रविवारी वादाने फारच पेट घेतला तेव्हा मी मुलांचा पांढरा फळा पुढच्या खोलीत ओढून आणला. वन्संचं म्हणणं होतं की सारखं थोडं थोडं खाल्लं की मेटाबॉलिझम जोरात राहतो. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्च करतं हे खरं, साधारण खाल्लेल्याचा दहावा भाग. मी फळ्यावर लिहिलं: ६०० कॅलरींची तीन जेवणं, प्रत्येकी ६० खर्च, एकूण १८०. खाली लिहिलं: ३०० कॅलरींची सहा जेवणं, प्रत्येकी ३० खर्च, एकूण १८०. "ताई, बघ," हे टाळी वाजवून म्हणाले. म्हटलं, अहो, थांबा. याचा अर्थ तुमच्या दोन जेवणांतही तेवढेच जातात. टाळी अर्ध्यावर राहिली.

मग लेकीची पाळी. अमेरिकेत ११६ जणांवर झालेला बारा आठवड्यांचा प्रयोग २०२० साली छापून आला होता. अर्ध्यांना नेमकी हिचीच वेळ, दुपारी बारा ते रात्री आठ. उरलेल्यांना तीन वेळा नेहमीसारखं जेवण. बारा ते आठवाल्यांचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं, तीन वेळावाल्यांचं ०.६८. फरक इतका किरकोळ की संख्याशास्त्राने तो फरक मानलाच नाही. "पण चीनमध्ये..." लेक म्हणाली. चीनचंही काढलं. ग्वांगजौमधल्या १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभराचा प्रयोग, २०२२ साली छापून आलेला. दोन्ही गटांना कॅलरींचा तोच लगाम, एकाला वर वेळेचंही बंधन, सकाळी आठ ते दुपारी चार. वर्षाअखेर वेळेचं बंधन असलेल्यांचं ८ किलो उतरलं, नसलेल्यांचं ६.३, हाही फरक संख्याशास्त्राने मानला नाही, आणि संशोधकांनी निष्कर्ष काढला की घड्याळाने विशेष काही वाढवलं नाही. काम लगामाने केलं.

खोलीत शांतता पसरली. वन्संनी तेवढ्यात घड्याळ बघून चार बदाम तोंडात टाकले.

कुणालाच वाईट वाटू नये म्हणून मी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा प्रयोगही सांगितला. तिथे ३० माणसांना काही आठवडे जड नाश्ता आणि हलकं रात्रीचं जेवण दिलं, मग काही आठवडे उलट. कॅलरी त्याच, वजनही सारखंच उतरलं. पण सकाळी भरपूर खाल्लं तेव्हा दिवसभर भूक कमी लागली. म्हणजे वेळेने चरबी जळत नसेल, पण माणूस कमी वखवखतो, आणि कमी वखवखणारा माणूस कमी लाडू शोधतो. हे वाक्य मी कुणाकडे न बघता बोलले.

"मग खायचं कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"कधीही, आई. पण मोजून."

"हात्तिच्या," म्हणून त्या जपाला बसल्या.

माझ्या स्वतःच्या वेळा कुणी विचारल्या नाहीत. बारा वाजताच्या पोह्यांचा तळ, ह्यांच्या पानातली उरलेली अर्धी पोळी, वन्संची न संपलेली पाव वाटी, खिचडीत मीठ बघायला म्हणून दोन चमचे. असल्या नोंदी कुठल्याही प्रयोगात नसतात. सगळ्यांची घड्याळं एकत्र केली तर माझी विंडो सकाळी सहाला उघडते आणि चंद्रोदयानंतर बंद होते.

म्हणून मी फळ्यावर शेवटची ओळ लिहिली: ओटा संध्याकाळी सातला बंद. सूर्यास्ताचं जमलं नाही, तरी भाभींच्या जवळपास. मला वाटलं आरडाओरडा होईल. उलट सगळे एकदम शहाण्यासारखे हो म्हणाले, आणि त्याच रात्री साडेनऊला ह्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली. "चल गं, तुझा ओटा बंदच आहे. ताईला सराफा दाखवू."

सराफ्यात दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे इन्सुलिनचं नाव कुणी काढत नाही. लेकीने गाडीतच विंडो चार तास पुढे सरकवली, "सोळा तास झाले की झालं ना, आई!" भुट्ट्याच्या कीसासमोर ह्यांनी जाहीर केलं की साडेसातचं जेवण अजून संपलेलंच नव्हतं. वन्सं म्हणाल्या, मी बाई हलकं काहीतरी, ती शिकंजी घेते. त्यांच्या डोळ्यांपुढे लिंबाचं सरबत होतं. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दाट दूध, वर केशर, सुका मेवा. पेला हातात आला तेव्हा त्यांनी दोन तासांच्या हिशेबाने तो चार दिवसांत वाटून टाकला आणि मग प्यायल्या.

शेवटी गराडूचा गाडा आला. गराडू म्हणजे तळलेले कंदाचे तुकडे, थंडीतच मिळतात, त्यामुळे सोडणं शक्य नव्हतं, आणि पोटात जागाही नव्हती. गाडेवाल्याने आमचे चेहरे बघितले. "भिया, पैक कर दूँ? सुबह खा लेना।"

हे खूश झाले. वन्संना सहाला, ह्यांना अकराला, लेकीला बाराला. गराडू थंड खाल्ले तर घशाशी बसतात, ते दर वेळी ताजे परत तळायचे असतात, हे इंदुरात पोरासोरांनाही माहीत आहे.