रनिंग स्टार्ट 'एकदम फुकट' नाहीये

वॉशिंग्टन राज्यातल्या आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय: "अकरावी-बारावीला रनिंग स्टार्ट घ्या, दोन वर्षांचं कॉलेज एकदम फुकट, पुढे दोन वर्षांत डिग्री, तोटा शून्य." स्कीम (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स करायचे, क्रेडिट दोन्हीकडे धरलं जातं) चांगलीच आहे, 1990 पासून चालू आहे, पण हा मेसेज वाचून पोरांना ढकलू नका प्लीज.

"एकदम फुकट". ट्युशन फुकट, तीही ठरलेल्या क्रेडिट्सपर्यंतच, वरच्या क्रेडिट्सचे पैसे आपले. कॉलेजची फी, लॅब फी, पुस्तकं, येणंजाणं सगळं आपल्याच खिशातून. त्यात आता होमवर्कसाठी ऑनलाइन ॲक्सेस कोड लागतात, ते सेकंडहँड मिळत नाहीत. आणि हायस्कूलच्या मुलांना पेल ग्रँट वगैरे फेडरल मदतही नाही. उत्पन्न कमी असेल तर फी माफ होते, त्याचा अर्ज मात्र नक्की करा, मेसेजमध्ये हे कोणी लिहीतच नाही.

"दोन वर्षांत डिग्री". यूडब्ल्यू (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) कम्युनिटी कॉलेजची 90 पर्यंत क्वार्टर क्रेडिट्स, म्हणजे साधारण दोन वर्षांची, घेते हे खरं. पण पोराला इंजिनीअरिंग करायचं असेल आणि क्रेडिट्स सायकॉलॉजी नि फिल्मची असतील तर मॅथ-फिजिक्सची साखळी पहिल्यापासूनच करावी लागते, मग कसली दोन वर्षं? राज्याबाहेरच्या बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांत तर हायस्कूल डिप्लोमासाठी मोजलेल्या कोर्सचं क्रेडिट मिळतच नाही.

"तोटा शून्य" हे वाचून मात्र खरंच राग येतो. 5 क्रेडिट्सचा एक क्वार्टरचा कोर्स म्हणजे हायस्कूलचं अख्ख्या वर्षाचं क्रेडिट. दहा-अकरा आठवड्यांत पोरगं गडबडलं तर वर्षाचं क्रेडिट गेलं, डिप्लोमा अडकू शकतो, आणि ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची. पुढे मेडिकलला अर्ज करताना सोळाव्या वर्षी घेतलेला कोर्सही दाखवावा लागतो आणि जीपीएत धरला जातो. कॉलेजला गेल्यावर फायनान्शियल एड टिकवायलाही ही जुनी क्रेडिट्स नि ग्रेड्स हिशोबात येऊ शकतात. एपीत (शाळेतच शिकवलेले कॉलेज-पातळीचे कोर्स, शेवटी एक परीक्षा) निदान परीक्षा वाईट गेली तर स्कोअर न पाठवायची सोय असते, गेली ती शंभरेक डॉलर फी.

शिवाय कॉलेजच्या रेकॉर्डचे हक्क पोराकडे जातात, वय सोळा असलं तरी. तुम्ही प्रोफेसरला ईमेल केलीत तर उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, म्हणजे बुडतंय हे तुम्हाला कळेपर्यंत क्वार्टर संपलेलं असतं.

ज्याला इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत जायचंय, स्वतःचं टाइमटेबल सांभाळता येतं, त्याने जरूर घ्यावं. बाकीच्यांनी शाळेत 'कॉलेज इन द हायस्कूल' (शाळेतच घेतले जाणारे कॉलेजचे कोर्स) आहे का ते काउन्सेलरला विचारा. पब्लिक कॉलेजांमार्फत असेल तर 2023 च्या कायद्यामुळे त्याची फी लागत नाही, वर्ग आपल्याच शाळेत, शिक्षक ओळखीचे. ग्रेड तिथेही कायमचीच राहते, पण पोरगं अडखळलं तर लगेच कुणाच्यातरी लक्षात येतं.